धुऱ्यावरून घेतलेला शॉट

शालिकराम ठवकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कॅमेऱ्याचं शिक्षण घेऊन बाहेर पडला एकोणसत्तर साली. कुहीकडच्या धानकऱ्याच्या घरातला पोरगा, त्यामुळे आम्हा नागपूरकरांना त्याचं भारी कौतुक. मी तेव्हा सदरमधल्या एका बँकेत कारकून आणि फावल्या वेळात फिल्म सोसायटीचा चिटणीस होतो. हा मोठं नाव काढणार, असं मी चारचौघांत सांगून बसलो होतो.

त्याने नाव काढलं नाही. मुंबईत जाहिरातपट करणाऱ्या एका कंपनीत तो सहायक म्हणून लागला आणि तिथेच राहिला. काय करतोस, असं विचारलं की तो "साबणाचा फेस" एवढंच सांगायचा. फेसावर प्रकाश टाकणं हेच खरोखर त्याचं काम होतं.

स्वतःचा म्हणून एक वीस मिनिटांचा चित्रपट त्याने एकाहत्तर साली गावात सुरू केला. शहरातून मुलगा परततो, आई रोवणीत, चिखलात धानाची रोपं लावत असते, एवढीच गोष्ट. मुलगा पडद्यावर दिसायचाच नाही, कारण कॅमेरा हाच मुलगा. शेवटच्या शॉटमध्ये तो शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालत येतो. आईला चाहूल लागते, पण हातातली पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, शेवटची मूठ लावून होईपर्यंत ती मान वर करत नाही. आई म्हणून त्याने स्वतःच्या आईला, जिजाबाईला घेतलं. बाकी सगळं चार दिवसांत उरकलं. हा शॉट तेवढा बिघडला, कारण जिजाबाईने मूठ संपायच्या आधीच वर पाहिलं.

"माय, पुन्हा एकडाव कर वं," तो म्हणाला.

"लावलेलं धान उपटत नाही गा," जिजाबाई म्हणाली. "पुढच्या साली घेजो."

पऱ्हे संपले होते, रजाही संपली होती. पुढच्या वर्षी पाऊसच झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिने पुन्हा वर पाहिलं. मग दरवर्षी तेच. रोवणीच्या शेवटच्या दिवशी कंपनीतले उरलेसुरले कोऱ्या फिल्मचे तुकडे घेऊन हा मुंबईहून यायचा, जिजाबाई वर पाहायची, आणि दुसऱ्या दिवशी हा परत जायचा. एरवी त्याला घरी यायला सवड नव्हती. दुसरी बाई घे, एखादा उरलेला पऱ्हा कुठेही रोवून घे, असं मी त्याला दहादा सुचवलं. तो ऐकेना. शिकलेला माणूस हट्टाला पेटला की त्याच्यापुढे बोलण्यात अर्थ नसतो.

अठ्ठ्याहत्तर साली कॅमेऱ्यावर छत्री धरायला मी सोबत गेलो. त्या दिवशी जिजाबाईने मान वर केली नाही. आम्ही धुऱ्यावरून तिच्याजवळ पोचलो तरी ती मूठ सोडून एकेक रोप चिखलात लावत राहिली. सातव्या खेपेला शॉट मिळाला.

जिजाबाईला उठता येईना. दोन बायांनी धरून तिला धुऱ्यावर बसवलं.

"आता तुले दरसाल यावं नाही लागन," ती म्हणाली. "माह्ये गुडघे गेले. पुढच्या सालापासून मी धानाच्या बांधीत उतरत नाही. म्हनलं, पोराचं काम करून टाकावं."

"मंग सहा डाव काहून पाहिलं वं?"

"काम झालं असतं त तू आला असता का गा?"

मी छत्री मिटली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

ऐंशी साली आमच्या सोसायटीने तो चित्रपट सदरमध्ये दाखवला. शालिकरामने सातवा शॉट वापरलाच नव्हता. बिघडलेले सहा शॉट त्याने एकामागे एक जोडले होते. सहा वेळा ती बाई मान वर करते, दर वेळी थोडी अधिक म्हातारी, आणि दर वेळी तिच्या तोंडावर हसू. तिथेच चित्रपट संपतो.

दिवे लागल्यावर एक प्राध्यापक उभे राहिले. कलाकार कॅमेऱ्याकडे पाहते ही प्राथमिक चूक आहे, ती दिग्दर्शकाच्या लक्षात कशी आली नाही, असं त्यांनी विचारलं. मला त्यांचा मनापासून राग आला. पुढच्या रांगेत पाय लांब करून बसलेल्या जिजाबाईने शालिकरामची बाही ओढली.

"काय म्हनून राहिले गा ते?"

"तू वर पाहाले नोको होतं म्हनतेत."

"मंग तू काय म्हनतं?"

शालिकराम तिच्या पायाशी खाली बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मी यंदा रोवनीले येतो, माय."