आतोबा आणि मधली रेघ

आमच्या आतोबांएवढा निष्ठावान बॅक कोल्हापुरात झाला नाही, आणि तेवढा कुचकामी मॅनेजरही झाला नाही. महाराजांच्या कारकिर्दीत आमच्या कुस्तीवेड्या गावाला फुटबॉलचं नवं खूळ लागलं, तेव्हा तालमीच्या संघात अनवाणी पायांनी बॅकची जागा धरलेले आत्याचे हे यजमान बारा वर्षांत एकदाही मैदानाची मधली रेघ ओलांडून पुढे गेले नाहीत. "पल्याड आपलं काय ठेवलंय?" म्हणायचे. अडवणं हाडीमाशी इतकं खिळलेलं, की पंगतीत वाढप्याची जिलबीसुद्धा ते ताटापासून हातभर लांब थोपवायचे. आत्या म्हणायची, "ह्यास्नी वाढायचं म्हंजे चकवूनच वाढाय लागतंय."

गुडघा गेला आणि ते मॅनेजर झाले. मॅनेजर म्हणजे काय, तर सामन्याआधी आखाड्यातली तांबडी माती आमच्या गुडघ्यांना फासायची आणि बजावायचं, "पोरांनु, गोल खायाचा न्हाय." गोल करायचाही असतो, हे सांगायला ते दर वेळी विसरत. त्यामुळे आमचा संघ कधी हरत नसे आणि, देवाशपथ, जिंकतही नसे. मी फॉरवर्ड, पण जरा पुढे गेलो की शिट्टी मारून मलाही मागे बोलवायचे. अखेर तालमीचे वस्ताद कडाडले, "औंदा पैल्या सामन्यात गोल झाला न्हाय, तर संघ दुसऱ्याच्या हातात!" आतोबांचं तोंड एवढंसं झालं. संघ गेल्यावर त्या माणसाजवळ एक दुखरा गुडघाच तर उरणार होता.

त्या सामन्यात ते नेहमीसारखे आमच्या गोलच्या खांबामागे उभे. हाफ टायमाला बाजू बदलल्या, आम्ही पलीकडे गेलो; पण आतोबा रेघ कशी ओलांडणार? ते तिथंच राहिले, आणि तो गोल आता समोरच्यांचा झाला. वेळ संपत आली. मी दोघांना चकवलं, गोलीही आडवा पडला आणि माझा चेंडू मोकळ्या गोलकडे निघाला. आणि काय सांगू! धोतर खोचत आतोबा खांबामागून धावले आणि त्याच दुखऱ्या पायानं अशी लाथ हाणली, की चेंडू मैदानाबाहेर! "वाचलो रं!" ते ओरडले. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं.

सामना बरोबरीत सुटला. वस्ताद काही बोलायच्या आत आतोबांनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली. मी रागानं धुमसत होतो, पण शिट्टी दिल्यावरही त्यांचा हात मोकळा गळा चाचपताना पाहिला आणि राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या सामन्याला ते नुसते बघायला आले, त्याच खांबामागे. हाफ टायमाला आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो.

"आतोबा, चला की. आपला गोल पल्याड गेलाय."

"बॅकचं पाऊल रेघंपल्याड पडायचं न्हाय, लेका."

"पाऊल कुठं टेकतंय? उचलून न्हेतोय की!"

डोळे गच्च मिटून ते आमच्या खांद्यांवर बसले. पुढे ती रीतच पडली. पहिल्या वर्षी त्या आडदांड माणसाला उचलायला चौघं लागायचो. मग दोघांत भागू लागलं. शेवटच्या मोसमात मी एकटाच त्यांना उचलून नेत होतो, आणि मला दमही लागत नव्हता.