दोन कॅमेरे आणि मोतीबाईचे धवले

कुळगावच्या बाजूला हळद असली की भूपेश भोईरला बोलावणं ठरलेलं. आगऱ्यांची हळद ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. लग्नाला माणूस उशिरा पोचला तर कोणी विचारत नाही, हळदीला नाही आला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्या नाचत्या गर्दीत पिवळे झालेले चेहरे नेमके टिपायचे, हे भूपेशचं अठरा वर्षांचं काम. माणूस कामाला चोख, पण भलता किचकट. वांगी घ्यायची तरी दोन गाड्यांवरची उलटसुलट करून बघितल्याशिवाय पिशवी उघडायचा नाही. त्याची बायको नूतन म्हणायची, "नशीब, कॉलेजात माझ्या बाकावर मी एकटीच बसायचे."

मार्च संपता संपता त्याच्यावर दोन संकटं एकदम आली. अंबरनाथला एका हळदीत त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं ते अडकलंच. आणि त्याच आठवड्यात मोतीबाईचा रिपोर्ट आला.

मोतीबाई भूपेशची काकी. तो चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून काकीनेच त्याला वाढवलं. काकी धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर निभावतं, धवलारणीशिवाय पान हलत नसे. मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती म्हणणार. मोतीबाईला हे सगळं सासूकडून मिळालं होतं, तोंडून तोंडी. कुठे लिहिलेलं नाही, आणि पुढे कोणी शिकलेलंही नाही, कारण हल्लीच्या मांडवात डीजेपुढे म्हातारीचा आवाज ऐकतो कोण! डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख पडली दोन मे.

भूपेश घरी येऊन मोरीत नळ सोडून रडला. मग तोंड पुसून त्याने ठरवलं, त्याआधी काकीचे सगळे धवले रेकॉर्ड करायचे.

काकी ऐकेना. "धवला का असा येरवारी बोलाचा असतो, बाला? मांडव पायजे. नवरा-नवरी पायजेत. नायतर देव बोलल, या म्हातारीनी मना उगाच उठवला."

सुदैवाने भूपेशच्या भावकीतल्या चुलतभावाच्या, दिपेशच्या मुलीचं, जिज्ञासाचं लग्न चोवीस एप्रिलला होतं. मांडव घरचा, नवरी घरची. काकीने होकार दिला. फक्त कॅमेरा हवा होता, आणि त्याला सवय व्हायला थोडे दिवस.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये वासूसेठचं कॅमेऱ्याचं दुकान. सेठने काउंटरवर दोन मिररलेस कॅमेरे ठेवले, दोन्ही पहिल्या पायरीचे, किमतीला जवळपास सारखे. एक जाडजूड, हाताचा थरकाप पोटात घेणारा. दुसरा हलका, नवा, माणसाचा डोळा एकदा पकडला की सोडत नाही असा, आणि त्याचा स्क्रीन वळवून आपल्याच तोंडासमोर आणता येतो. भूपेशने तासभर हा उचल, तो ठेव, असं केलं. शेवटी सेठच वैतागला.

"अरे साईं, दोनो घर ले जा. दोन दिवस खेल. जो पसंद पडेल तो ठेव, पण मेरा डोका मत खा!"

पंधरा तारखेला दुपारी भूपेशने अंगणात दोन तिपाया शेजारी शेजारी मांडल्या. वही उघडून मध्ये रेघ ओढली. गिऱ्हाइकं आता स्लो मोशनच मागतात. हळद उडतेय, केस उडतायत, सगळं हळूहळू, आणि वर गाणं टाकून मोबाईलवर लावायचं. म्हणून त्याने दोन्ही कॅमेरे स्लो मोशनला लावले. त्या मोडमध्ये दोन्हींत आवाज येत नाही, चित्र तेवढं निघतं. वहीत त्याने तसं लिहिलंही. आवाज : दोन्हीत नाही.

हळद हवी, हलते हात हवेत, म्हणून नूतनला पाटावर बसवलं आणि काकीला सांगितलं, "हिच्या गालाला हळद लाव गं जरा. टेस्ट करायचीय."

काकीने वाटीत हळद कालवली. नूतनच्या एका गालाला बोटं लावली, दुसऱ्या गालाला लावली आणि थांबली. नूतन माहेरची कऱ्हाडकडची, मराठ्यांची. अकरा वर्षांपूर्वी तिच्या घरून विरोध झाला म्हणून दोघांनी कोर्टात सह्या केल्या होत्या. मांडव नाही, हळद नाही. पंचक्रोशीतल्या पोरांची लग्नं लावणाऱ्या मोतीबाईला स्वतःच्या पोराचं लग्न संध्याकाळी पेढ्याच्या पुड्यावरून कळलं होतं. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती.

"तू पण बस रं तिच्या बाजूला," ती भूपेशला म्हणाली.

"काकी, मी बसलो तर कॅमेरा कोण बघणार?"

"बस बोलली ना!"

तो बसला. काकीने त्याच्या कपाळाला, गालांना, गुडघ्यांना हळद लावली. दाराच्या कडीला आंब्याचा डहाळा खोचला, तोच मांडव. दोघांचे हात एकमेकांत दिले, डोक्यावर पदर घेतला, आणि तिने धवला सुरू केला.

भूपेशने तिपायांकडे बघितलं. दोन्ही कॅमेरे मुके होते. उठून मोडची एक चकती फिरवायची, एवढंच काम. पण चकती एकाची फिरवली तर तुलना बिघडणार, दोघांच्या फिरवल्या तर सगळी टेस्ट पहिल्यापासून. आणि चोवीसला आहेच की, भरल्या मांडवात, नीट माईक लावून. त्याने स्वतःची अशी समजूत घातली आणि नजर स्क्रीनवर नेली. हलक्या कॅमेऱ्याचा स्क्रीन त्याच्याकडे वळवलेला होता. त्यातली फोकसची हिरवी चौकट काकीच्या डोळ्यावर बसली होती. पदर आडवा आला की निसटत होती, पुन्हा बसत होती. जाड्याचं काय चाललंय ते बसल्या जागेवरून दिसेना. तो अर्धवट उठला, तेव्हा काकीने गाणं न तोडता त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. तो मान उंचावून बघत राहिला.

वीस मिनिटं काकी गायली. आवाज घोगरा झालेला, मध्ये मध्ये फाटणारा, पण ती थांबली नाही. संपलं तेव्हा नूतनच्या गालांवरची हळद ओघळली होती.

"ऐकलंस?" नूतनने डोळे पुसत विचारलं.

"हो गं. चोवीसला मस्त घेऊ," भूपेश म्हणाला, आणि वहीत लिहायला बसला. जाड्यात पिवळा रंग केशरीकडे झुकतो. हलक्यात बरोबर येतो. त्याने हलका घेतला.

एकोणीस तारखेला सकाळी काकीला श्वास घेता येईना. रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं, तिथे गळ्याला भोक पाडून नळी घातली, आणि दोन मेचं ऑपरेशन एकवीस एप्रिललाच झालं. जिज्ञासाचं लग्न मोबाईलवर लावलेल्या मंगलाष्टकांवर लागलं. भूपेशने ते नव्या कॅमेऱ्यावर घेतलं. फोटो फार सुंदर आले आणि सगळ्यांनी त्याची तारीफ केली. त्याला ती तारीफ ऐकवत नव्हती. एक चकती, एवढंच त्याच्या डोक्यात घण घालत होतं. नूतनला त्याने सांगितलं. ती ताट वाढून आत गेली.

काकी घरी आली ती गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधून. लिहिता वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं हातवाऱ्यांवर. चार दिवस गेले आणि ती टीव्हीकडे बोट करून कॅमेऱ्याची खूण करायला लागली. आमचं ते दाखव. भूपेशने आज कामं आहेत म्हटलं, वायर सापडत नाही म्हटलं, टीव्ही बिघडलाय म्हटलं. पण त्याच टीव्हीवर ती रोज मालिका बघत होती.

शेवटी एका दुपारी त्याने लावलं. पडद्यावर अंगण आलं. हळदीचा हात सावकाश नूतनच्या गालावर आला. काकी पुढे सरकून बसली आणि हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. पडद्यावरच्या मोतीबाईने पदर घेतला, ओठ उघडले. खाटेवरच्या मोतीबाईचेही ओठ हलू लागले, पण पडदा इतका सावकाश चालला होता की तिचा मेळ बसेना. ती गोंधळली. मग तिने भूपेशकडे बघून बोटं हवेत फिरवली. आवाज वाढव.

भूपेशने हळदीवाल्या गिऱ्हाइकांना आयुष्यात पन्नास थापा मारल्या होत्या. कार्ड उडालं, फाईल खराब झाली. आता एक सुचेना.

"काकी, यात आवाज नाय," तो म्हणाला. "मना माहीत होता. तू गात होतीस तवाच माहीत होता. मी बटण फिरवला नाय." आणि तो तिच्या पायाशी बसून हुंदके देऊ लागला.

काकीने पडद्याकडे बघितलं. मग तिने हाताने झिडकारल्यासारखं केलं. जाऊ दे ते यंत्र. तिने त्याची हनुवटी वर केली, त्याच्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. तू तर होतास ना तिथे? तू ऐकलंस ना?

भूपेशने मान हलवली. हो.

काकीने समाधानाने डोळे मिटून उघडले. मग कानावरचं बोट त्याच्या ओठांवर ठेवलं. म्हण मग. एक ओळ म्हण.

दारात उभ्या असलेल्या नूतनने पहिली ओळ हळूच सुरू केली. काकीने तिच्याकडे न बघता हात वर करून तिला थांबवलं. तिला भूपेशकडून ऐकायचं होतं. भूपेशला काकीच्या डोळ्यावरची हिरवी चौकट आठवत होती, ती किती वेळा सुटली तेही आठवत होतं. धवल्याचा एक शब्द त्याला आठवेना. काकी बोट त्याच्या ओठांवर तसंच ठेवून वाट बघत होती.