साडभाऊचा रस्ता आणि माझी चिखलणी

दुसऱ्याच्या शेतावर डोळा ठेवू नये, दुसऱ्याच्या बैलजोडीकडे बघून उसासे टाकू नयेत, हे मला घरी शिकवलं होतं. दुसऱ्याच्या रस्त्यावर जळू नये, हे शिकवायचं राहून गेलं. त्यामुळं साडभाऊच्या गावाला डांबरी रस्ता झाला आणि माझा कोळसा.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गोंदियाहून कामठ्याकडे जाताना मध्येच आत वळलं की आधी त्याचं गाव लागतं, मग नाला, आणि नाल्यापलीकडं धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, बसलेलं आमचं. तो तिथला सरपंच, मी इथला. एकाच निवडणुकीत दोघं निवडून आलो, त्यामुळं बरोबरी करायला वेगळं कारण लागत नव्हतं. लागलं असतं तर मी शोधलं असतं.

मोटरसायकलवर मागं बसलेली बायको आमच्या हद्दीत माझा खांदा घट्ट धरून बसायची. नाला ओलांडून डांबर लागलं की हात सोडायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "आता कसं, गाडीवर बसल्यासारखं वाटते." इतकी वर्षं ती माझ्या मागं बसते. गाडीवर बसल्यासारखं तिला बहिणीच्या गावात वाटावं, याचं मला जे व्हायचं ते व्हायचं.

बरं, हा रस्ता त्याला मिळाला कसा? तर माझ्यामुळं. म्हणजे मी दिला नाही, पण स्वतःचा घालवला.

खेड्यातल्या रस्त्याला केंद्राचा पैसा दोन वाटांनी येतो. एक वित्त आयोगाची. तो पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच लावावा लागतो, उरलेल्यात सरपंचानं आपली हौस भागवायची. दुसरी वाट ग्रामसडक योजनेची. ती मोठी, पुलासकट डांबर देणारी. पण ती त्याच वस्तीला, जिला बारमाही रस्ता नाही. पहिल्या वाटेनं चिमूटभर मिळवून दुसरी वाट आपल्या हातानं कशी बुजवायची, हे कोणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडं यावं.

निवडून आल्याबरोबर मी उरलेल्या पैशात रस्त्यावर मुरूम टाकला. रोलर फिरवला. एवढ्यावर थांबेल तो मी कसला? दोन्ही बाजूंनी दगड मांडून त्यांना चुना फासला. साडभाऊनं त्याच पैशातून गावातल्या सांडपाण्याच्या नाल्या बांधल्या आणि रस्ता होता तसा ठेवला. मी मनात म्हटलं, याला दृष्टीच नाही.

त्याच उन्हाळ्यात योजनेच्या पाहणीला इंजिनिअर साहेब आले. गोंदिया शहरातले, सगळं बोलणं हिंदीत. मी त्यांना माझ्या मुरुमावरून गाडीवर फिरवलं, पांढरे दगड दाखवले, घरी नेऊन पोहे खाऊ घातले.

"रास्ता अच्छा है आपका," साहेब म्हणाले. "बारह महीने चलता है क्या?"

"बारा का साहेब," मी छाती फुगवून म्हणालो, "अधिक महिना धरून तेरा!"

साहेब हसले आणि काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, कौतुक लिहिलं.

तिकडं साडभाऊनं साहेबांना पाणीसुद्धा उशिरा विचारलं म्हणतात. रस्त्यातल्या खड्ड्यापाशी उभं करून एवढंच बोलला, "साहेब, पावसाळ्यात आमच्या गावाले जावई येत नाही. पोरी रडतेत."

पुढं पंचायत समितीच्या बैठकीत यादी वाचली गेली. साडभाऊचं गाव त्यात, माझं नाही. मी उभा राहून तावातावानं विचारलं, आमचं गाव का नाही?

"तुमचं गाव जोडलेलं आहे," उत्तर आलं.

"कशानं?"

"तुमच्याच रस्त्यानं. बारमाही आहे असं तुम्हीच सांगितलंय."

मागच्या रांगेत साडभाऊ बसला होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडायला सोय झाली असती.

मग त्याच्या गावात खडी आली, रोलर आला, डांबराचा वास वाऱ्यावर नाल्याच्या अलीकडं येऊ लागला. आमच्या गावात लोक त्या वासानं नाक धरायचे, मी मात्र खोल ओढून घ्यायचो. रोज काहीतरी काम काढून मी तिथं जाऊन उभा राहायचो. खडी बारीक आहे, डांबर पातळ आहे, एका पाण्यात वाहून जाते बघा, असं भेटेल त्याला सांगायचो. पावसाळा आला. गेला माझा मुरूम. पांढऱ्या दगडांतले निम्मे नाल्यात गेले, उरलेले लोकांनी चुलीला नेले. त्याचं डांबर भिजून आणखी काळं आणि देखणं दिसू लागलं.

एवढंच असतं तर मी जळत बसलो असतो आणि विषय संपला असता. पण डांबरामागून बस आली. सकाळी हायस्कूलच्या वेळेला साडभाऊच्या गावापर्यंत यायची आणि तिथल्याच पिंपळाला वळसा घालून परत जायची. आमच्या पोरी चपला हातात घेऊन चिखल तुडवत नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, म्हणजे पुरात बुडणाऱ्या बुटक्या फरशीपर्यंत, जायच्या, रपट्यावरून पाणी वाहत नसेल तर पलीकडं जाऊन बस पकडायच्या. पाणी असलं की घरी. पावसाळ्यात पाणीच असायचं. त्यात माझीही मुलगी होती. एक दिवस परत आली आणि दप्तर खुंटीला अडकवताना म्हणाली, "बाबा, मावशीच्या गावच्या पोरी खिडकीजवळ बसतेत. आम्ही भिजून जातो तं आमाले कोणी जवळ बसू देत नाही."

काही घरांतून तर बोलणं सुरू झालं होतं, पावसाचे महिने पोरी कशाला पाठवायच्या, परीक्षेपुरत्या जातील. असं एकदा सुरू झालं की पोरगी परीक्षेलाही जात नाही, हे मला सरपंच म्हणून माहीत होतं आणि बाप म्हणून जास्त.

म्हणून योजनेचा नवा टप्पा आला आणि राहिलेल्या वस्त्यांची पुन्हा पाहणी होणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, या वेळी तोंड उघडायचं नाही. रस्त्यालाच बोलू द्यायचं.

पण रस्ता बोलेना. ऐन धानाच्या रोवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस असूनही चार दिवस उघाड पडली होती. मुरुमाचा जो काही अंश उरला होता तो त्या उन्हात असा वाळून बसला होता की लांबून पाहणाऱ्याला रस्ता म्हणजे रस्ताच वाटावा. भर पावसात मला दगा देऊन गेलेला मुरूम नेमका त्याच आठवड्यात इमानदार झाला.

आता धान पिकवणाऱ्या माणसाला सगळं विसरायला लावा, चिखल करायला विसरणार नाही. बांधीत पाणी घ्यायचं, ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावायची आणि माती दह्यासारखी होईपर्यंत फिरायचं. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी मी रस्त्याला लागून असलेल्या माझ्याच बांधीचा बांध फोडला, पाणी रस्त्यावर घेतलं, आधी कल्टिव्हेटरनं मुरूम उकरला आणि मग लोखंडी चाकं.

बायको पाहायला आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अजी, का करून राहिले?"

"गावाचा विकास."

"मंग धानाचे पऱ्हे आणू का? रोवणाच करून टाकू."

"तुले नाही समजत."

"मले नाही समजत तं कोणाले समजते," असं म्हणून ती गेली. मी अंधार पडेपर्यंत फिरत राहिलो. खरं सांगतो, इतका सुंदर चिखल मी माझ्या शेतातसुद्धा कधी केला नव्हता.

सकाळी आधी पोरी अर्ध्या वाटेतून परत आल्या. उघाड असल्यामुळं रपटा कोरडा होता, त्या दिवशी त्या आरामात गेल्या असत्या. गुडघ्यापर्यंत माखून माझी मुलगी दारात उभी राहिली. बायकोनं तिच्या पायांवर पाणी ओतलं आणि माझ्याकडं पाहिलं नाही. ते पाहणं मला परवडलं असतं.

मग साहेबांचा फोन आला. तेच साहेब. साडभाऊच्या गावात पोचले होते.

"सरपंचजी, आगे तो गाडी आ नहीं सकती. नाले के उधर क्या है वो?"

"तेच तर साहेब!" मी जवळजवळ नाचलो. "हीच परिस्थिती आहे. बघून घ्या आणि लिहून घ्या."

"लिखने का नहीं है अब. मोबाईल में फोटो लेना पडता है, गाँव में खडे होकर. गाँव तक नहीं पहुँचा तो कुछ नहीं होगा. आज आखरी दिन है."

हा नियम मला माहीत नव्हता. रस्ता इतका वाईट हवा की नवा मिळायला पाहिजे, पण इतका वाईट नको की साहेबच पोचू नये. मी ट्रॅक्टरवर उडी मारली आणि त्यांना आणायला निघालो. रात्रीच लोखंडी चाकं काढून टायर लावले होते. माझ्याच चिखलात, जिथं मी सगळ्यात जास्त प्रेमानं फिरलो होतो त्या ठिकाणी, ट्रॅक्टर पोटापर्यंत बसला. मी जेवढा रेस द्यायचो, तेवढा तो सुखानं खाली जायचा.

इतक्यात पाहतो तर बांधांवरून दोन माणसं येत आहेत. पुढं साडभाऊ, हातात साहेबांचे बूट. मागं साहेब, पॅन्ट वर दुमडलेली, एका हातात मोबाईल आणि दुसरा साडभाऊच्या खांद्यावर. साडभाऊ माझ्याजवळ थांबला. त्यानं रस्त्यावरच्या चाकांच्या सरळ ओळी पाहिल्या, फुटलेला बांध पाहिला, मग मला पाहिलं.

"चिखल मस्त झाला साडभाऊ," तो हळूच म्हणाला. "कोणता धान लावता?"

"चला पुढं," मी दात खाऊन म्हणालो.

गावात ग्रामपंचायतीसमोर लोक जमले. साहेबांनी फोटो घेतले, मग विचारलं, "बारह महीने गाडी आती है क्या?"

या प्रश्नानं मी एकदा मेलो होतो. आता नकारार्थी मान हलवायची, एवढंच काम. मी मान हलवायला सुरुवात केली तोच ओट्यावरून एक म्हातारा बोलला. ग्रामसभेत मी त्याला कधी बोलू देत नाही, त्यामुळं त्याच्याजवळ बरंच साठलं होतं.

"कालपरेंत येत होती जी गाडी. सरपंचानं काल टॅक्टर फिरवला ना. काऊन फिरवला तं काय मालूम."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा बदलला. "ये आपने बनाया है?"

  समोरच आमच्या घराच्या दारात माझी मुलगी ओल्या पायांनी उभी. मला दिसत होतं, यादी जात होती, पूल जात होता, पोरींची बस जात होती, आणि सगळं माझ्या ट्रॅक्टरवर बसून.

तेव्हा साडभाऊ बोलला. बूट अजून त्याच्या हातातच होते.

"साहेब, हा चिखल यानंच केला. मूर्ख हाये, माझा साडभाऊ हाये, मले मालूम हाये. पण तो रपटा यानं नाही बुडवला. आज उघाड हाये म्हणून तुमाले कोरडा दिसला. पाणी चढलं का आठ-आठ दिवस इकडची पोरगी तिकडं येत नाही. बस माझ्या गावात उभी राहते, ड्रायव्हर मले विचारते, पलीकडच्या पोरी काऊन नाही आल्या जी? मी का सांगू त्याले? तुमी त्या रपट्याचा फोटो घ्या. वाटल्यास पाणी चढलं का मी काढून पाठवतो."

मी हे सगळं साहेबांना पहिल्याच वेळी सांगू शकलो असतो. चुना फासलेल्या दगडांऐवजी रपटा दाखवायचा होता. पण रपटा बुडतो म्हणायचं म्हणजे आमच्या गावात कमीपणा, आणि कमीपणा साडभाऊच्या गावात असावा अशी माझी सोय होती. साहेब परत नाल्यावर गेले. वाहून आलेला कचरा रपट्याशेजारच्या झाडाच्या फांद्यांना जिथवर अडकला होता, त्याचा फोटो घेतला. माझ्या चिखलाचा घेतला नाही. थोडं वाईट वाटलं.

काम मंजूर झालं. पूल आणि डांबर, दोन्ही. आमच्या ग्रामसभेनं सत्कार ठेवला. साडभाऊचा. शाल सरपंचानं घालायची असते, म्हणून मी घातली. म्हातारा ओट्यावरून टाळ्या वाजवत होता, एकटाच सगळ्यांपेक्षा जास्त. बायको म्हणाली, "भाऊजीनं केलं म्हणून झालं." मी म्हटलं, केंद्र शासनानं केलं. ती म्हणाली, "तेच, भाऊजीनं सांगतलं म्हणून केंद्रानं केलं."

आता बस पूल ओलांडून आमच्या गावापर्यंत येते. या पावसाळ्यात नाला भरून वाहत होता तेव्हा मी मुद्दाम पुलावर जाऊन उभा राहिलो. बस माझ्या अंगावर पाणी उडवून गेली. माझी मुलगी खिडकीत होती, कोरडी. आमच्या गावातून बस सुटते म्हटल्यावर खिडक्या आधी आमच्या पोरींना मिळतात. ती हात हलवत होती. मीही हलवला, आणि तेवढ्यात माझी नजर जाणाऱ्या बसच्या पाठीवर गेली. पाटीवर अजूनही साडभाऊच्याच गावाचं नाव.

संध्याकाळी मी घरी पाटी बदलण्यासाठी एसटी आगाराला अर्ज लिहायला बसलो. बायकोनं वाकून वाचला.

"पोरी कोरड्या जाऊन राहिल्या ना?"

"हो."

"भर पावसात शाळा नाही बुडली ना?"

"नाही."

"मंग पाटीवर कोणाचं बी नाव असो. तुमाले का होते?"

"जळते," मी म्हणालो आणि अर्जावर सही केली.