समक्ष घेतलेला नमुना

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या प्रयोगशाळेत नव्या आलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवतात. ही गोष्ट घडली तेव्हा परळमधल्या एका इस्पितळाच्या मागच्या इमारतीत मी बावीस वर्षं क्षयाचे जंतू वाढवत होते. वाढवायचे म्हणजे काय, तर रुग्णाचा बेडका आला की तो साफ करून ट्यूबमध्ये भरायचा, उबेला ठेवायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. जंतू वाढलाच तर तो कोणत्या औषधाला दाद देतो ते तपासायचं. या कामात घाई चालत नाही आणि माझ्या अंगात तर घाईच भरलेली. तरीही बावीस वर्षांत माझ्या कामात एकही चूक निघालेली नव्हती आणि हे मी कुणी न विचारता सांगत असे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक संशोधन चालू होतं. क्षयाचे उपचार पूर्ण झालेल्या माणसाला तो आजार पुन्हा झाला, तर जुनाच जंतू पुन्हा डोकं वर काढतो की बाहेरून नवा लागतो, हा प्रश्न होता. त्यासाठी बऱ्या झालेल्या लोकांच्या घरी दर महिन्याला जाऊन नमुना आणायचा. नमुने आणणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि लालबागमधली पाच घरं माझ्या गळ्यात पडली. नियम एकच होता, पण कडक होता. माणसानं मोकळ्या हवेत, आपल्या डोळ्यांसमोर खोकून डबीत बेडका द्यायचा. फॉर्मवर ‘समक्ष घेतला’ असं लिहिलेला एक चौकोन होता. त्यात खूण केल्याशिवाय नमुना आत यायचा नाही.

त्या पाचांतल्या एका घरी साठीची एक काकू होती. मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला. मुलगा जहाजावर, आठ-आठ महिने घराबाहेर. घरात ती, सून आणि दहा महिन्यांची नात. सून दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, त्यामुळे ती मला कधी दिसली नव्हती. काकू घरगुती डबे करायची. तिचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याला अंधूक दिसायचं, पण कान असे तिखट की कढईतल्या आवाजावरून मासा परतायची वेळ झाली की नाही ते तिला कळायचं. जिन्यात कोण चढतंय तेही ती आतून सांगायची. बाळ झोपेत कूस बदललं तरी हिला बाहेरच्या खोलीत ऐकू येई. ती कानांवर जगत होती म्हटलं तरी चालेल.

औषधांनी ती ठणठणीत झाली होती. खोकला नाही, त्यामुळे बेडका नाही. एकदा तिनं डबीत नुसती थुंकी दिली तेव्हा मी तिला झाडलं होतं. “काकू, ही थुंकी आहे. मी परळहून तुमची थुंकी न्यायला येते का?” पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा ती आधीच दारात उभी होती.

“बाय, गॅलरीत नको गो,” ती म्हणाली. “सगळी चाळ बघता. आत जावन देतंय.”

ऊन कडक होतं. अजून चार घरं व्हायची होती. गॅलरीत दोन बायका गहू निवडत बसल्या होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, जा आत, पण नीट द्या. तिनं मला बाहेरच्या खोलीत बसवलं, हातात कोकम सरबताचा पेला दिला आणि पडदा सारून आत गेली. पडद्याआड खोकल्याची उबळ ऐकू आली, खोल आणि ओली. काकू डबी घेऊन बाहेर आली. आत दाट, पिवळसर बेडका होता. हवा तसा. मी खूश झाले, सरबत संपवलं आणि चौकोनात खूण केली.

दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर लाल काड्यांचा, म्हणजे क्षयाच्या जंतूंचा खच दिसला. काकूला बोलावून घेतलं. वजन वाढलेलं, ताप नाही, एक्स-रेत जुन्या व्रणाशिवाय काही नाही. तिनं नंतर दिलेले दोन नमुने निव्वळ थुंकी निघाले आणि त्यांत काही नव्हतं. डॉक्टर कल्चरसाठी, म्हणजे ट्यूबमधला जंतू वाढेपर्यंत थांबले. ते वाढलं, भराभर वाढलं, आणि त्यावर मुख्य औषधांचा काहीच परिणाम होत नव्हता. हट्टी क्षय. काकूला वॉर्डात भरती केलं.

तेव्हा अशा रुग्णांना अजून इंजेक्शनं देत असत. रोज एक, महिनोन्महिने. आता बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं. त्या इंजेक्शनांनी जीव वाचायचे, पण कित्येकांचे कान जायचे आणि गेलेले परत येत नसत. काकूच्या कानांची तपासणी करून घेतली. कान उत्तम आहेत असा अहवाल आला. तो वाचून मला जेवण गेलं नाही.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, आवाज न चढवणाऱ्या बाई. तोच त्यांचा धाक. त्यांनी मला बोलावून घेतलं. “बाई बरी दिसते आणि नमुना इतका वाईट. मला हे पटत नाही. दुसऱ्याच्या नमुन्यातला जंतू आपल्याकडे हिच्या ट्यूबमध्ये शिंपडला गेला असेल का?”

मला झोंबलं. आमच्याकडे प्रत्येक खेपेला सगळ्यात शेवटी एक ट्यूब नुसत्या पाण्याची लावतात. हात कुठे बरबटला असेल तर त्या पाण्यात जंतू उगवतो. “शेवटची ट्यूब कोरी आहे, मॅडम. बघून घ्या,” मी म्हटलं. त्यांनी बघितली. तरी त्या म्हणाल्या, “जंतूचे ठसे काढू या.”

माणसाच्या बोटांसारखे जंतूचेही ठसे निघतात. काकूच्या पहिल्या आजारातला जंतू आम्ही गोठवून ठेवलेला होता. त्या आठवड्यात माझ्या टेबलावरून गेलेले बाकीचे जंतूही होते. सगळ्यांचे ठसे शेजारी शेजारी मांडायचे. त्या दिवसांत मी कुणाशी धड बोलले नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहा घेऊन आला, त्याच्यावर विनाकारण खेकसले. खरं सांगायचं तर मला काकूची काळजी होती त्याहून जास्त माझ्या बावीस वर्षांची होती. हे लिहितानाही लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी ठसे आले. नवा जंतू काकूच्या जुन्या जंतूशी जुळत नव्हता. माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या कुठल्याही जंतूशी जुळत नव्हता. मी सुटकेचा निःश्वास टाकला. प्रयोगशाळा सुटली, म्हणजे मी सुटले.

मॅडम मात्र कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे तिला नवीन लागण झाली, असंच म्हणावं लागेल. नमुना तिचाच, यात तर शंका नाही. तुम्ही समक्ष घेतला होता ना?”

मी म्हटलं, “हो.”

हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेला की मलाच धक्का बसला. मॅडमनी वॉर्डात फोन केला. पलीकडून विचारलं असावं, कारण त्या म्हणाल्या, “हो, समक्ष घेतलेला आहे. आमची सगळ्यात जुनी टेक्निशियन आहे.” उद्या सकाळी पहिलं इंजेक्शन, असं ठरलं.

मी जागेवर येऊन तो फॉर्म काढला. खूण तिथं होती, माझ्या पेनाची, ठळक. त्याच्यावर तारीख होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात ती तारीख शोधली. सोमवार.

गिरगावात जन्म गेला माझा. दादरची दुकानं सोमवारी बंद असतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? सून त्या दिवशी घरी होती. आणि मग एकेक आठवायला लागलं. काकू आतून आली तेव्हा तिला धाप लागलेली नव्हती. डोळ्यांत पाणी नव्हतं. इतका बेडका काढणारा माणूस लालबुंद होतो, भिंतीला धरतो. ती आली ती पदर सावरत, दुधाचं भांडं आणून ठेवावं तशी. खोकला मी ऐकला होता. तो कुणाचा, हे बघायला मी उठले नव्हते.

मी जिने उतरून वॉर्डाकडे गेले. मी पलंगापाशी पोचायच्या आतच काकू म्हणाली, “इलंस बाय? आज जोरात चालतंस.”

“काकू,” मी म्हटलं, “त्या डबीत कुणाचा बेडका होता?”

ती पलंगाच्या कडेला बसलेली, मांडीवर दोन्ही हात. मी म्हटलं, “मी ओरडले होते म्हणून दिलात ना? सुनेचा दिलात.”

“तुझ्या वरडण्यान नाय गो,” ती हळूच म्हणाली. “ती तेव्हा महिनाभर खोकत होती. म्हटलं दाखव. नाय म्हणता. मी आजारी होतंय तेव्हा बाळाक माझ्यापासून दोन महिने लांब ठेवलेला, ता तिना बघलेला. आपल्याक पण तसाच करतले म्हणान घाबारला पोर. म्हटलं, माझ्या नावान तरी तपासून होयत.”

“आणि निकाल आल्यावर? तेव्हा का नाही बोललात? उद्या तुम्हाला सुई टोचणार आहेत!”

“माहीत आसा. कान जातत म्हणान डॉक्टरान सांगितल्यान.” ती सांगताना शांत होती, आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. “गोळ्यो माझ्या नावान मेळतल्यो. घराक गेल्यार खातली ती. सुई मी सोसतलंय.”

मी तिच्यावर भडकले. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. अर्धं औषध म्हणजे औषध नव्हेच, त्यानं जंतू आणखी माजेल, सून मरेल, बाळालाही लागेल, असं सगळं मी सुनावलं असणार. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “माझोच रोग तो. मीच दिलंय तिका. मग कान माझे गेले तर काय झाला?”

मी मागे फिरले. जिन्यात दोनदा थांबले. वर जाऊन मी नुसतं सांगू शकले असते की घरात सून खोकते आहे, तिलाही तपासा. चौकोनाचा विषय काढायची गरज नव्हती. पण मग काकूचा निकाल काकूचाच राहिला असता आणि सकाळी सुई टोचली गेली असती. ते इंजेक्शन फक्त एकाच गोष्टीनं थांबणार होतं. मी खोटी खूण केली, हे मी सांगण्यानं.

मॅडम पर्स आवरत होत्या. मी दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खूण, सरबत, पडदा, काकूचं म्हणणं आणि मघाचा तो ‘हो’. त्यांनी आधी वॉर्डात फोन केला आणि उद्याचं इंजेक्शन थांबवलं. मग काकूच्या घरी कुणाला पाठवायचं ते ठरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. मला ते हवंच होतं.

त्या म्हणाल्या, “त्या बाईंना सांगितलंत का, की तो जंतू त्यांचा नाही?”

“म्हणजे?” मी विचारलं.

“ठसे जुळत नाहीत. सुनेला जे झालंय ते सासूकडून आलेलं नाही. तुमच्या हातात कागद होता दुपारपासून.”

खरंच होता. तो कागद मी फक्त माझी सुटका बघण्यासाठी वाचला होता. मी परत जिने उतरले.

सूनबाईचं पुढे सगळं रीतसर झालं. तिचा नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला, तोच जंतू, तोच ठसा. तिच्यावर उपचार झाले, दीड वर्षं, फार त्रासाचे. त्या इंजेक्शनांनी तिच्या उजव्या कानाला आता कमी ऐकू येतं. मी तेव्हाच उठून पडद्याआड बघितलं असतं तर तिचे आठवडे वाचले असते. कान वाचला असता की नाही ते मला माहीत नाही, आणि ते मला कुणी सांगू शकणार नाही. बाळाला तपासलं, ते सुखरूप निघालं. मला त्या संशोधनातून काढून टाकलं, ते योग्यच झालं. नवीन माणसांना मी आता बावीस वर्षांची गोष्ट सांगत नाही, ही सांगते.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. वॉर्डात जेवणाच्या ताटांचा आवाज चालला होता. काकू तशीच बसली होती. मी तिच्या शेजारी पलंगावर बसले, जे आम्हाला करायची मुभा नाही.

“काकू, सुनेचा जंतू तुमचा नाही. आम्ही तपासून बघितलं. तुमचा जुना जंतू आमच्याकडे ठेवलेला आहे. हा वेगळा आहे. तिला हा बाहेरून कुठून तरी लागला. तुमच्याकडून नाही.”

ती हलली नाही. मला वाटलं तिला कळलं नाही. मग तिनं डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला.

“परत सांग,” ती म्हणाली.

मी परत सांगितलं. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं होतं, आणि तिनं मला ते तिसऱ्यांदा सांगायला लावलं.