बेसिनमध्ये काय ओतलंय, ते मी सांगितलंच नाही

नर्स मैत्रिणींनो, हे तुम्हालाच सांगते.

आज सकाळी आमच्या वॉर्डातलं बेसिन तुंबलं. मी ड्रेन क्लीनरची, कातडी जाळणाऱ्या कॉस्टिकची, अख्खी बाटली त्यात ओतली, तरी पाणी उतरेना. मग मेंटेनन्सला फोन लावला, "बेसिन तुंबलंय, लवकर या," एवढंच बोलले आणि राउंडला पळाले.

आमचे प्लंबर, तळवलीचे पाटीलकाका, लगेच आले. नेहमीसारखे बेसिनखाली आडवे झाले आणि पाइप खोलला. आतलं सगळं थेट त्यांच्या तोंडावर आलं.

"सिस्टर, ह्या पान्यात काय हाय?" ते ओरडले, तशी मी राउंड सोडून धावले.

अर्धा तास मी त्यांचे डोळे बाथरूमच्या नळाखाली धुतले. गालाची कातडी साबणासारखी बुळबुळीत लागत होती.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजरेचं आत्ताच सांगता येणार नाही.

बेसिनवर 'आत क्लीनर आहे' असा एक कागद चिकटवायला मला किती वेळ लागला असता? तुमच्याकडे कोणी चिकटवतं का?

पट्टी बांधल्यावर काकांनी चाचपडत माझा हात धरला. "सिस्टर, तुमी होत्या म्हनून वाचलो."

बाटली मीच ओतली होती, हे त्यांना अजून माहीत नाही. कसं सांगू?