देव पारोसे राहतील त्याचं काय?

ईश्वर आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, पण त्यावरचे किस्से मात्र साठत चाललेत! आमच्या कोलकात्याच्या सोसायटीत दर शनिवारी दुपारी माझ्या घरी वाद चालतो. कुलकर्णी बँकेतून रिटायर झालेले, पक्के ईश्वरवादी. करंदीकर बजबजच्या ऑइल डेपोतून सुटलेले. त्यांच्या मते जग चालवायला प्रकृती पुरे, देव म्हणजे जादा स्टाफ! नियम माझा: आधी समोरच्याचा पक्ष, म्हणजे पूर्वपक्ष, असा मांडायचा की तोच म्हणेल, "हो, हेच माझं म्हणणं." मगच खोडायचा. यंदा कुलकर्ण्यांचं बायपासचं ऑपरेशन निघालं आणि ते अडून बसले. ते शेवटी सांगते.

*

आरडाओरडा ऐकून खालचे सेनबाबू वर आले. "प्रॉपर्टीचं भांडण?"

"नाही, ईश्वराचं."

"मग आधी नाही का सांगायचं!" म्हणून खुर्ची घेऊनच आले. त्यांचा पक्ष तिसरा: निसर्ग हाच ईश्वर.

कुलकर्ण्यांनी विचारलं, "मग तुमच्या हातावरचा हा डास?"

"तोही ईश्वर." सेनबाबूंनी फाडकन डास मारला. "ही थप्पडसुद्धा."

*

एक पाहुणे प्राध्यापक आले. मी शून्यवादावर बोलत होते. मधेच म्हणाले, "बाई, आपलं शिक्षण?"

"सातवी. पुढचं सगळं कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांतून. तुमचं?"

"पीएचडी."

"मग समजायला अडचण येऊ नये."

*

करंदीकर म्हणाले, "वासरासाठी दूध आपोआप पाझरतं, तशी अचेतन प्रकृती आपोआप चालते."

"कधी धार काढलीत?" मी विचारलं.

"नाही."

"मी काढलीय. वासरू लांब बांधा, गाय पान्हा चोरते. अचेतन म्हणे!"

कुलकर्णी खूश. "म्हणजे ईश्वर आहे!"

"म्हणजे गाय आहे," मी म्हटलं.

*

आता बायपास. कुलकर्णी एकटे राहतात. म्हणाले, "मी हॉस्पिटलात पडलो तर देव पारोसे राहतील. ऑपरेशन नको!" डॉक्टरांनी समजावलं, मी झापलं. ढिम्म!

करंदीकरांनी हात पुढे केला. "किल्ली दे. पूर्वपक्ष मी मांडतो."

बारा दिवस ते पहाटे आंघोळ करून कुलकर्ण्यांच्या देवघरात बसले. एकदा मी डोकावले, तर चंदन उगाळत होते.

"विश्वास बसला की काय?"

"छे! पण अर्धवट मांडायचा नाही, नियम तुमचाच आहे, माई."

कुलकर्णी घरी आले ते थेट देवघरापाशी. एकेक देव निरखून पाहिला.

"घंटा?"

"रोज."

"नैवेद्य?"

"दूधसाखर."

"हो," कुलकर्णी म्हणाले, "हेच माझं म्हणणं." मग खुर्चीत टेकले. "आता खोड."

करंदीकरांनी फुलं सारखी केली.

"आज नको. आज एकादशी आहे."