तीन सुटे भाग, चार टॉवेल

१४ डिसेंबर १९८६, रविवार. सकाळी परभणी. दुपारच्या पॅसेंजरने पूर्णा. मुक्काम तिथेच. थंडी बरी आहे.

वहीत एवढंच लिहिलं आहे. बाकीचं आठवून लिहितो. जुन्या सायकलीचे भाग शोधत कुणाला आमच्या जिल्ह्यात फिरायचं असेल, तर त्याने उपाशी निघावं, आणि डोक्यावर केस असताना निघावं.

माझ्या डोक्यावर नव्हते. अण्णांना, म्हणजे वडिलांना, जाऊन महिनाही झाला नव्हता. ते शाळेत शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची सायकल शर्यतीची, विलायती, देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. हँडल खाली वळलेलं आणि चेनची एकेक कडी इंचभर लांब. पायडलजवळचं दातेरी चक्र आणि मागच्या चाकाची दातेरी चकतीही त्याच मापाची. एक भाग बदलायचा तर तिन्ही बदलावे लागतात.

कॉलेजात असताना मला तिच्या खडखडाटाची लाज वाटे. अण्णा परगावी गेलेले असताना मी तिन्ही भाग काढून नवे कोरे बसवून आणले. परत आल्यावर अण्णांनी सायकल पाहिली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत पायी जायला लागले. बारा वर्षं पायीच गेले.

आता मला तेच तीन भाग परत बसवायचे होते.

परभणीत स्टेशन रोडला गफूरचाचांचं सायकलचं दुकान होतं. जुने भाग मी त्यांच्याकडेच टाकले होते. मला पाहून त्यांनी पंक्चर अर्धवट सोडलं, मला बाकावर बसवलं आणि शेजारच्या दुकानातून टॉवेल-टोपी आणून माझ्या हातात ठेवली.

"चाचा, हे कशाला?"

"तुमच्यात दुखवट्याला देतेत ना? मग? गुरुजी आमचे बी होते."

यानंतर लगेच चेन कशी मागायची? दोन चहा झाले. तेवढ्यात दिसलं की दुकानातला हवेचा पंप खांबाला बांधलेला आहे, आणि बांधलाय तो अण्णांच्या चेनने.

"लय मजबूत हाय," माझी नजर बघून चाचा म्हणाले. "आन् कोणत्याच सायकलला लागत न्हाई, म्हणून चोर बी हात लावत न्हाई."

त्यांनी कुलूप काढून चेन दिली आणि पंप दोन पायांत धरून पंक्चर काढायला बसले. बाकीचे दोन भाग, ते म्हणाले, पूर्णेच्या सखाराम नावाच्या रेल्वे फिटरने नेले होते.

पूर्णेला पॅसेंजर तासाभरात पोचते. गाडीत शेंगदाणे मिळतात. चहा मात्र उतरूनच प्यावा. पत्ता विचारला तर एक जण म्हणाला, "नामांतराची भिंत हाय न्हवं? ती संपली की दुसरं दार." भिंतीवर निळ्या रंगात 'नामांतर झालेच पाहिजे' तीनदा लिहिलं होतं. तिसऱ्या वेळी जागा कमी पडल्यामुळे शेवटची अक्षरं दाटीवाटीने उभी होती.

"जयभीम. या, या," सखारामदादा म्हणाले आणि माझं डोकं बघून आत हाक मारली. त्यांच्या पत्नी काशाबाई सरळ ताट घेऊन आल्या. वरणाचं मोठं पातेलं माझ्यासमोर ठेवलं. पातेल्याखाली, भुईला चटका बसू नये म्हणून, आमच्या सायकलचं चक्र.

"पातेलं जरा उचलता का?" मी म्हणालो.

"संपल्याबिगर न्हाई उचलत," काशाबाई म्हणाल्या. "दुःखातलं माणूस आमच्या दारातून उपाशी गेलेलं चालायचं न्हाई."

पातेलं पाच माणसांचं होतं. मी तीन भाकरी खाल्ल्या. वरण किती वेळा घेतलं ते सांगत नाही. तळ दिसला तेव्हा मी चक्राकडे बोट केलं.

"हे व्हय!" सखारामदादा ओरडले. "आधी बोलायचं की! कवाच दिलं असतं."

"जेवला तरी," काशाबाई म्हणाल्या. जाताना त्यांनी टॉवेल दिले. "टोपी न्हाई देत आमी. म्हणून टॉवेल दोन."

चकती त्यांच्या मुलीने, शांताने, जिंतूरला सासरी नेली होती.

सोमवारी परत परभणीला आलो आणि जिंतूरची एसटी धरली. दीड तास लागतो. डावीकडे बसावं, ज्वारी छान दिसते. खड्डे दोन्हीकडे सारखेच.

शांता शेजारच्या लग्नातल्या रुखवताच्या करंज्या करत होती. आणि प्रत्येक करंजीची कड कापत होती अण्णांच्या चकतीने. दात दूर दूर असल्यामुळे नक्षी वेगळीच उठत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने चहा ठेवला, टॉवेल-टोपी पुढे केली. परातीत अजून चाळीसेक करंज्या बाकी होत्या. एका चकतीसाठी लग्नघर अडवणं मला बरं वाटेना. चहा संपवला, येतो म्हणालो आणि उठलो.

शांता हसायला लागली. "बसा. गुरुजी अगदी बरोबर म्हणले होते."

"काय म्हणाले होते?"

"'पोरगं येईल एक दिवस. बोलायचं न्हाई. चहा पिऊन उठंल. तवा तूच दे.' गफूरचाचाकडून बाबांचा, बाबांकडून माझा पत्ता काढून आलते. मग दर दिवाळीला करंज्या खायला यायचे. औंदा बी आलते."

मी परत बसलो. विचारलं, "मग त्यांनीच का नाही नेली?"

"मी बी इचारलं. म्हणले, ज्यानं काढली त्यानंच बसवावी."

चकती लगेच मिळाली नाही. आधी राहिलेल्या करंज्यांच्या कडा मला कापायला लावल्या. पहिल्या पाच-सहा फुटल्या, त्या तळल्यावर मलाच खाव्या लागल्या.

या प्रवासात पैसे फार लागत नाहीत. दोन दिवस काढा. जुने भाग विकत घ्यावे लागले तर म्हणून वेगळे ठेवलेले पैसे तसेच परत आले, वर चार टॉवेल आणि दोन टोप्या. अण्णा शांताच्या चुलीपुढे बसून करंजी खात असतील, हे मात्र मी अजून पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो.

घरी आलो तेव्हा आई शेजारी गेली होती. अंगणात सायकल उलटी करून चकती, चक्र, चेन या क्रमाने बसवली. चकतीच्या एका दातात पीठ वाळून राहिलं होतं, ते तसंच ठेवलं. तेल सोडून पायडल हाताने फिरवलं. खडखडाट पहिल्यासारखाच आला.

मग गफूरचाचांच्या टॉवेलला हात पुसले, टॉवेल साबणाने धुतला आणि दोरीवर वाळत घातला.